पहिली लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल: दुकानात जाण्याआधी काडतूस ठरवा

प्रश्न: आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो. दोघांकडेही ग्रीन कार्ड आहे. मला लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (चापाभोवतीचा दांडा पुढे-मागे करून काडतूस भरायची) घ्यायची आहे. महिन्यातून दोनदा रेंजवर कागदावर नेमबाजी करायची आणि हिवाळ्यात ऑफिसमधल्या मित्राच्या शेतावर हरणाची शिकार करायची असा विचार आहे. तो बसतो ते मचाण झाडीत आहे, तिथून ओढ्यापर्यंत 60-70 यार्ड. झाडीपलीकडे सोयाबीनचं मोठं शेत आहे. दोघांपैकी कुणीही आजवर बंदूक चालवलेली नाही, बायकोलाही शिकायचं आहे. मित्र त्याची जुनी मार्लिन 336, .30-30 ची, 650 डॉलरला देतोय. आमचं बजेट सगळं धरून 1200. ती घ्यावी का? माझा मेहुणा एच-वन-बीवर आहे, त्याला रेंजवर नेलं तर चालेल? घरात सहा वर्षांची मुलगी आहे.

उत्तर: मित्राची मार्लिन घेऊ नका. रायफल चांगली आहे, .30-30 हे काडतूसही उत्तम आहे. 1895 पासून अमेरिकेत त्यावर हरणांची शिकार होत आली आहे, आणि पेनसिल्व्हेनियात राहत असतात तर हीच घ्या म्हटलं असतं. पण ओहायोत हरणासाठी रायफल वापरायची तर काडतूस सरळ भिंतीचं लागतं, म्हणजे पितळी कोष बुडापासून तोंडापर्यंत सरळ, बाटलीसारखी मान नसलेला. गोळीचा व्यास .357 ते .50 इंच. .30-30 दोन्हीत नापास: कोषाला मान आहे आणि गोळी .308 ची. मित्र ती बहुधा शेजारच्या राज्यात वापरत असेल किंवा नुसती रेंजवर. तुम्ही ती घेऊन ओहायोत मचाणावर बसलात तर पहिल्याच दिवशी कायदा मोडाल. नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे पैसे मोजण्याआधी ओहायो डिव्हिजन ऑफ वाइल्डलाइफची चालू वर्षाची पुस्तिका उघडून तेवढं पान वाचाच.

नवखे लोक आधी रायफल पसंत करतात, मग तिच्यात काय मिळतं ते बघतात. क्रम उलटा हवा. राज्याचा नियम आणि तुमच्या जागेवरचं अंतर यांवरून काडतूस ठरतं, मग त्या काडतुसात मिळणाऱ्या दोन-तीन रायफलींतून एक निवडायची.

ओहायोत लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये विचारात घेण्यासारखे पर्याय चार. .357 मॅग्नम, .44 मॅग्नम, .45-70 आणि 2023 मध्ये आलेलं .360 बकहॅमर. .45-70 आत्ता बाजूला ठेवा. हलक्या रायफलीत त्याचा धक्का खांद्याला चांगलाच जाणवतो, वीस काडतुसांची पेटीही महाग, आणि शिकण्याच्या काळात त्यातून फक्त घाबरायची सवय लागते. .360 बकहॅमर मुद्दाम अशाच राज्यांसाठी काढलेलं आहे, 180 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण 2400 फूट प्रति सेकंद वेगाने सुटते आणि दीडशे यार्डांपलीकडेही ती हरणाला पुरते. सोयाबीनच्या शेताच्या कडेला बसायचं असतं तर तेच सांगितलं असतं. पण रेंजवर झाडायला स्वस्त काडतूस त्यात मिळत नाही.

उरली .357 आणि .44. केवळ हरणाचा विचार केला तर .44 सरस. 240 ग्रेनची गोळी रायफलीच्या नळीतून साधारण 1750 च्या वेगाने सुटते आणि शंभर यार्डांवरही तिच्यात भरपूर दम उरतो. तरीही तुमच्यासाठी आमचं मत .357 ला आहे, आणि त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. वर्षात तुम्ही हरणावर एक किंवा दोन गोळ्या झाडाल, कागदावर हजारांत. .357 च्या रायफलीत .38 स्पेशल ही आखूड, सौम्य काडतुसं चालतात. पन्नासची पेटी बहुतेक दुकानांत वीस-पंचवीस डॉलरला मिळते, धक्का जवळजवळ नसल्यासारखा. दोन नवख्या माणसांना चाप दाबायला शिकायचं असेल तर यापेक्षा बरं साधन नाही.

हे एवढं सांगण्याचं कारण म्हणजे दचकणं. नवख्याचा नेम बिघडतो तो बहुतेक वेळा याच एका गोष्टीने. धक्का आणि आवाज येणार हे शरीराला माहीत असतं, म्हणून चाप सुटण्याच्या आधी क्षणभर खांदा पुढे जातो, डोळे मिटतात, आणि गोळी खाली जाते. उजव्या हाताच्या माणसाची बरेचदा खाली आणि डावीकडे. हे स्वतःला कळत नाही. ओळखायचा उपाय सोपा: बायकोने तुमच्या नकळत मॅगझीनमध्ये, म्हणजे काडतुसं साठवायच्या नळकांड्यात, खऱ्या काडतुसांबरोबर एखादं डमी, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस, भरायचं. डमीवर चाप दाबल्यावर घोडा नुसता खट्‌कन पडतो आणि नळीचं टोक झुकलेलं स्पष्ट दिसतं. टोक हललं की त्या दिवशी मॅग्नम बंद, उरलेला वेळ .38. दचकण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला महिने जातात, त्यामुळे ती लागूच न देणं शहाणपणाचं.

आता .357 ची मर्यादा. ती पाळणार असाल तरच हा सल्ला. 158 ग्रेनची गोळी रायफलीतून साधारण 1800 ने सुटते, पिस्तुलातून सुटते त्यापेक्षा खूपच जोरात, पण शंभर यार्डांपर्यंत पोचेपर्यंत वेग 1300 च्या आसपास उतरतो. पाऊणशे यार्डांपर्यंत हरणासाठी ती पुरते. त्यापुढे नाही म्हणायचं. तुमचं मचाण ओढ्यापासून 60-70 यार्डांवर आहे, म्हणजे जागा या काडतुसाला अगदी साजेशी. सोयाबीनच्या शेतात उभं असलेलं हरीण मात्र सोडून द्यायचं, कितीही मोठी शिंगं असली तरी. हे जमणार नाही असं वाटत असेल तर आत्ताच .44 घ्या.

हरणासाठी 158 किंवा 180 ग्रेनची, पुढून सपाट, मऊ शिशाच्या टोकाची, तांब्याचं कवच असलेली गोळी घ्या. दुकानात 110-125 ग्रेनची पोकळ टोकाची काडतुसंही दिसतील. ती पिस्तुलाच्या वेगासाठी बनवलेली असतात. रायफलीच्या वेगाला ती चामडीखालीच फुटून पसरतात, आत फुप्फुसापर्यंत पोचत नाहीत आणि हरीण जखमी होऊन पळतं. .38 स्पेशल फक्त कागदासाठी, हरणावर कधीच नाही.

गोळीचं टोक सपाट असण्याला आणखी एक कारण आहे आणि ते जिवाशी संबंधित आहे. लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक ओळीने बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीला, टेकलेलं असतं. टोक अणकुचीदार आणि कठीण असेल तर धक्क्याने ते प्रायमरवर आपटून मॅगझीनमध्येच स्फोट होऊ शकतो. रबरासारखं मऊ टोक असलेल्या, मुद्दाम लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी केलेल्या गोळ्या मिळतात, त्या चालतात. पेटीवर तसं लिहिलेलं असलं पाहिजे.

रायफलीकडे वळू. .357 मध्ये तुमच्यासमोर मुख्यतः तीन नावं येतील. रॉसी आर92 ही ब्राझीलची, जॉन ब्राउनिंगच्या विंचेस्टर 1892 वरून केलेली. सर्वांत स्वस्त, साधारण सातशे-आठशे डॉलर, हलकी आणि मजबूत. नवी असताना लिव्हर कडक असतो, आणि कोष वरच्या बाजूने उडत असल्यामुळे दुर्बीण नीट बसवता येत नाही. आखूड .38 काही वेळा त्यात अडकतात. घेतलीत तर गोल, सपाट टोकाची 158 ग्रेनची .38 वापरा, पूर्ण सपाट वॉडकटर टाळा. मार्लिन 1894 आता रुगर कंपनी बनवते. कोष बाजूने उडतो, वरचा भाग सपाट आणि बंद, दुर्बीण किंवा पीप साइट (भोकातून नेम धरायची कडी) बसवायला सोपी. काम देखणं, पण किंमत बाराशेच्या पुढे, म्हणजे तुमचं सगळं बजेट तिथेच संपलं. तिसरी हेन्री बिग बॉय. पितळी चकाकणारी आवृत्ती नको, ती पौंड-दीड पौंडाने जड असते. स्टीलची घ्या, साधारण सात पौंडांची, आणि बाजूला भरण्याची झडप असलेलीच मागा.

तुम्हाला हेन्रीची स्टील, झडपवाली रायफल सुचवतो. नऊशे ते हजारच्या दरम्यान मिळावी. मुख्य कारण म्हणजे रिकामी करायची सोय. मार्लिन आणि रॉसीमध्ये मॅगझीन रिकामं करायला प्रत्येक काडतूस लिव्हर मारून यंत्रातून बाहेर काढावं लागतं, म्हणजे थंडीने गारठलेल्या हातांनी, संध्याकाळी, जिवंत काडतुसं पुन्हा पुन्हा आत सरकवायची. हेन्रीत मॅगझीनची आतली नळी फिरवून बाहेर ओढली, रायफलीचं तोंड खाली तिरकं केलं की काडतुसं हातात येतात. त्यानंतर लिव्हर दोन-तीनदा पूर्ण मारायचा, कारण चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीत) किंवा काडतूस वर आणणाऱ्या उचलणीवर एक राहिलेलं असू शकतं. मग बोट घालून चेंबर चाचपायचं. नुसतं बघून विश्वास ठेवायचा नाही.

घोड्याबद्दल एक फरक लक्षात ठेवा, कारण इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून गोंधळ होतो. मार्लिन आणि रॉसीच्या घोड्याला अर्धवट थांबण्याची खाच असते, वर वेगळी सेफ्टीही असते. हेन्री बिग बॉयमध्ये अर्धी खाच नाही, सेफ्टीचं बटणही नाही. त्यात ट्रान्सफर बार असतो, म्हणजे चाप पूर्ण दाबलेला असल्याशिवाय घोड्याचा मार फायरिंग पिनपर्यंत, म्हणजे प्रायमरवर आपटणाऱ्या सुईपर्यंत, पोचतच नाही. त्यामुळे मचाणावर बसताना घोडा पूर्ण खाली ठेवायचा. ताणलेला घोडा न झाडता उतरवायचा असेल तर नळी सुरक्षित दिशेला, अंगठा घोड्यावर घट्ट, चाप हलकेच दाबायचा, घोडा हलायला लागताच चाप सोडून द्यायचा आणि अंगठ्याच्या पकडीत घोडा सावकाश खाली आणायचा. घरी रिकाम्या रायफलीवर, डमी काडतुसं घालून हे इतकं करा की बोलता बोलता हाताला जमेल. हातमोजे घालूनही करा. ओहायोतल्या डिसेंबरात अंगठा निसटतो तो हातमोज्यामुळे.

दुकानात दस्ता खांद्याला लावून बघताना अंगावर जाड कोट घाला. टी-शर्टवर बरोबर वाटलेला दस्ता कोटावर लांब होतो आणि बगलेत अडकतो. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. नजर साधारण नेमाच्या रेषेत आली पाहिजे. बायकोलाही हेच करायला सांगा. तिला लांब पडत असेल तर दस्ता कापायची घाई करू नका, आधी कोट पातळ करून बघा.

दुर्बीण पहिल्या वर्षी घेऊ नका. 75 यार्डांसाठी पीप साइट पुरते. रिसीव्हरवर, म्हणजे यंत्र असलेल्या मधल्या पोलादी भागावर, बसणारी छोटी कडी, तिच्या भोकातून पुढची माशी बघायची, भोक आपोआप मध्यावर येतं. सत्तर-शंभर डॉलरांत होते. शिवाय दुर्बीण आली की गाल दस्त्यापासून उचलावा लागतो, आणि तिच्याखाली घोडा ताणायला अंगठा पुरत नाही म्हणून घोड्याला जोडतुकडा लावावा लागतो. रायफल नऊशे, पीप नव्वद, कानावरचे मफ आणि चष्मे दोघांचे मिळून साठ-सत्तर, उरलेल्यात दोन-तीन पेट्या .38 आणि एक पेटी शिकारीची. बजेट काठोकाठ आहे. जुनी .357 मिळाली तर थोडी मोकळीक होईल. जुनी घेताना विक्रेत्याला विचारून, रिकामी असल्याची खात्री करून, घोडा ताणा आणि चापाला हात न लावता घोड्याच्या पाठीवर अंगठ्याने पुढे दाब द्या. घोडा पडला तर ती रायफल तिथेच ठेवा. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर कुणीतरी घरी उघडून बघितलेली आहे असं समजा. नळीच्या तोंडाची कड भिंगातून तपासा, तिथे ठेच असेल तर नेम कधीच जमत नाही.

पहिल्या दिवशी लिव्हर हळुवार चालवण्याचा मोह होईल. तो चूक आहे. लिव्हर अर्धवट मारला की रिकामा कोष बाहेर पडत नाही आणि नवं काडतूस त्याच्यावर चढून यंत्र अडकतं. पुढे शेवटपर्यंत, मागे शेवटपर्यंत, एका ठाम हालचालीत. बाजूच्या झडपेतून भरताना काडतूस पूर्ण आत ढकलू नका. शेवटचा भाग बाहेर ठेवा आणि पुढच्या काडतुसाच्या टोकाने त्याला आत सारा, म्हणजे झडप अंगठ्याला चावत नाही.

नेम बसवायला शिकारीचीच काडतुसं वापरा. टेबलावर पिशवी ठेवून तिच्यावर रायफलीचा पुढचा लाकडी भाग टेकवा, तोही रिसीव्हरजवळचा. नळी किंवा मॅगझीनची नळी पिशवीला लागू देऊ नका, त्याने गोळी दुसरीकडे जाते. आधी 25 यार्डांवर तीन गोळ्या. मागची साइट गोळीला जिकडे न्यायचं तिकडे सरकवायची. मग 75 यार्डांवर पक्का नेम. 158 ग्रेनची मॅग्नम 75 वर बरोबर मध्यावर लागेल अशी साइट बसवली की 25 वर जवळपास मध्यावर, 50 वर अर्धा-पाऊण इंच वर आणि 100 वर दोनेक इंच खाली बसते. 150 वर ती नऊ-दहा इंच खाली जाते, म्हणून सोयाबीनचं शेत सोडायचं. प्रत्येक तीन गोळ्यांनंतर नळी गार होऊ द्या. पातळ नळी तापली, वर तिला मॅगझीन आणि पट्ट्या जखडलेल्या, की गोळ्या वर किंवा बाजूला भरकटतात आणि लोक उगाच साइट फिरवत बसतात. त्याच नेमावर .38 पन्नास यार्डांवर दोन-तीन इंच खाली लागतील. साइट हलवू नका, ते अंतर वहीत लिहून ठेवा.

टेबलावरचा नेम जमला की टेबल सोडा. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण आठ इंचांचा असतो. तेवढी कागदी ताटली 25, 50, 75 यार्डांवर लावा आणि बसून, गुडघ्यावर, उभं राहून पाच-पाच गोळ्या झाडा. ज्या अंतरावर पाचही ताटलीत बसतात तेवढीच तुमची मर्यादा. उभ्याने ती 40 यार्ड निघाली तर उभ्याने 40. मचाणावर कठड्याचा आधार असतो, त्याचाही वेगळा सराव करा. हरीण पूर्ण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या रेषेवर नेम. समोरून किंवा पाठमोरं असेल तर थांबा. त्याच्या मागे माती दिसली पाहिजे, आकाश किंवा रस्ता नाही. गोळी लागल्यावर ते पळालं तर अर्धा तास जागेवरून हलू नका. लगेच मागे लागलात तर जखमी जनावर मैलभर जातं, नाहीतर बहुतेक वेळा जवळच आडवं होतं.

ओहायोत हरणावर जाताना चेंबर आणि मॅगझीन मिळून तीनच काडतुसं भरता येतात, रायफलीत दहा मावत असली तरी. बंदुकीच्या हंगामात केशरी जाकीट वर दिसलंच पाहिजे. मित्राची जमीन असली तरी त्याची लेखी परवानगी खिशात ठेवा. पहिल्या परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. अ‍ॅप्रेंटिस परवाना घेऊन परवानाधारक प्रौढाबरोबर कोर्सशिवायही जाता येतं, पण कोर्स कराच, दोघांनी. सरावाला कोलंबसच्या उत्तरेला डेलावेअर वाइल्डलाइफ एरियात सरकारी रेंज आहे, तिथलं परमिट आधी काढून ठेवा.

मेहुण्याचं मात्र गंभीरपणे घ्या. ग्रीन कार्डवाल्याला खरेदीत अडचण नाही. दुकानात फॉर्म 4473 हा बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म भरायचा, ग्रीन कार्डवरचा एलियन नंबर आणि चालू पत्त्याचं सरकारी ओळखपत्र द्यायचं, पार्श्वभूमी तपासणी होते. पण एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगताच येत नाही, आणि रेंजवर तुमची रायफल पाच मिनिटं हातात घेणं हेही बाळगण्यात येऊ शकतं. याला अपवाद आहेत. त्यातला एक म्हणजे त्याच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणं. त्याने आधी तो परवाना स्वतःच्या नावावर काढावा, इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारावं, आणि परवाना खिशात असतानाच रेंजवर यावं. तोपर्यंत त्याने नुसतं बघायला यावं. त्याच्यासाठी म्हणून तुमच्या नावावर रायफल विकत घेणं हा वेगळा गुन्हा आहे.

मुलीसाठी: रायफल घरी येईल त्या दिवशी भिंतीला बोल्ट केलेली पोलादी कपाटं आधीच लागलेली असावीत. रायफल एका कपाटात, काडतुसं दुसऱ्यात, किल्ल्या दोघांच्याच अंगावर. लपवून ठेवणं म्हणजे बंदोबस्त नव्हे, सहा वर्षांच्या मुलाला घरातली प्रत्येक लपवायची जागा माहीत असते. रेंजवरून आल्यावर मुलीला जवळ घेण्याआधी हात साबणाने धुवा, कपडे बदला. प्रायमरच्या धुरात शिसं असतं.

साफसफाईत एकच गोष्ट लोक विसरतात. .38 भरपूर झाडल्या की चेंबरमध्ये, आखूड कोष संपतो तिथे, काजळीचं कडं साचतं आणि मग लांब .357 शेवटपर्यंत बसत नाही. रेंजवरून आल्यावर चेंबरला ब्रश मारा, आणि हंगामाच्या आदल्या आठवड्यात रेंजवर शिकारीची दोन-तीन काडतुसं झाडून ती सहज बसतात का बघा.

आणि रेंजसाठी जी पिशवी वापराल ती भारतात जाताना कधीही नेऊ नका, लॅपटॉपची तर मुळीच रेंजला नेऊ नका. अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि चुकून राहिलं हे सिद्ध करण्यात सगळी सुट्टी जाते. रेंजची पिशवी वेगळ्या रंगाची घ्या आणि ती काडतुसांच्या कपाटातच ठेवा.